९४ फुटांची कोंडी

बास्केटबॉलचे मैदान ९४ फूट लांब व ५० फूट रुंद असते. एवढ्या जागेत दहा गडी धावत असतात; परंतु अमेरिकेतील कॉलेजांचा एखादा सामान्य सामना पाहावयास बसले म्हणजे असे दिसून येते की, ह्यांपैकी जवळजवळ अर्ध्या जागेविषयी कोणी भांडतच नाही. एका संघाने टोपलीत चेंडू टाकला की तो पाठ फिरवून आपल्या टोपलीच्या रक्षणासाठी धावत निघून जातो. दुसरा संघ सावकाश चेंडू उचलतो, रेषेबाहेरून तो आत टाकतो आणि संध्याकाळी फिरावयास निघावे तसा टप्पे मारीत मध्यरेषेपर्यंत येतो. खरी लढाई तेथून पुढे सुरू होते. अलीकडचा ४७ फुटांचा मुलूख प्रतिस्पर्ध्याला बिनशर्त सोडून द्यावयाचा, असा उभय पक्षांत जणू तहच झालेला असतो.

हा तह मोडावयाचा, म्हणजेच 'फुल-कोर्ट प्रेस' खेळावयाचा. टोपलीत चेंडू पडला की पाठ फिरवावयाची नाही. जेथे उभे असू तेथूनच प्रतिस्पर्ध्याला भिडावयाचे, आणि त्याचा चेंडू आत येण्यापूर्वीच त्याची वाट अडवावयाची.

ह्या डावाचे वर्णन करताना मराठी माणसाच्या ओठांवर सहजच 'गनिमी कावा' हा शब्द येतो. तथापि तो येथे नीटसा लागू पडत नाही. गनिमी काव्यात घाव घालून दिसेनासे व्हावयाचे असते. येथे दिसेनासे होण्यास जागाच नाही. उलट शत्रूच्या अंगाला अखंड चिकटून राहावयाचे आहे. त्यापेक्षा 'खिंडीत गाठणे' हा आपला जुना वाक्प्रचार अधिक जवळचा. उघड्या मैदानात खिंड नसते, म्हणून ती तयार करावी लागते. आणि ह्या कामी खेळाचे नियमच मदतीला येतात. चेंडू आत टाकणाऱ्याला अवघे ५ सेकंद मिळतात. आत आलेला चेंडू १० सेकंदांत मध्यरेषेपलीकडे न्यावाच लागतो, आणि एकदा रेषा ओलांडल्यावर तो पुन्हा मागे आणता येत नाही. हा दहा सेकंदांचा नियम पुरुषांच्या खेळात १९३२-३३ च्या हंगामात आला; महिलांच्या कॉलेज-सामन्यांत तो लागू होण्यास २०१३-१४ चा हंगाम उजाडावा लागला.

ह्या नियमांच्या बळावर कोंडी कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. चेंडू घेऊन निघालेल्या गड्याला मैदानाच्या मध्यातून जाऊ द्यावयाचे नाही. त्याला हळूहळू कडेकडे वळवावयाचे. तो कडेला आला की दुसरा रक्षक धावत येतो. आता एका अंगाला मैदानाची रेषा, समोर मध्यरेषा आणि उरलेल्या दोन बाजूंना चार उंच केलेले हात. गोंधळून तो टप्पे मारणे थांबवितो आणि चेंडू दोन्ही हातांत धरतो. येथेच तो फसला. कारण थांबलेले टप्पे पुन्हा सुरू करता येत नाहीत. सुटकेसाठी तो चेंडू उंच, लांब फेकतो. असा चेंडू हवेत फार वेळ रेंगाळतो, आणि नेमक्या त्याच वाटेवर तिसरा रक्षक टपून बसलेला असतो. प्रेक्षकांच्या टाळ्या ह्या तिसऱ्याला मिळतात; काम केलेले असते पहिल्या दोघांनी.

अर्थात ह्यात धोका उघड आहे. एकावर दोघे गेले म्हणजे उरलेल्या चौघांना अडविण्यास तिघेच राहतात. कोंडीत सापडलेल्याने डोके शांत ठेवून मैदानाच्या मध्यभागी एक सरळ, वेगवान पास दिला की सारे जाळे तुटते, आणि समोर जवळपास मोकळी टोपली! म्हणून हा डाव हातांपेक्षा प्रतिस्पर्ध्याच्या चित्तावर अधिक अवलंबून असतो. त्याला घाई करावयास लावणे, हे त्याचे खरे मर्म.

१८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ यांनी स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला, तेव्हा अशा डावाला अवकाशच नव्हता. प्रत्येक गोलानंतर चेंडू मध्यावर आणून दोन उंच गड्यांमध्ये वर उडविला जाई. १९३७-३८ च्या हंगामापासून ती पद्धत बंद झाली आणि ज्याच्या टोपलीत चेंडू पडला त्यानेच तो रेषेबाहेरून खेळात आणावा असे ठरले. खिंड निर्माण झाली ती ह्या बदलाने.

ती प्रथम ओळखणाऱ्यांत जॉन मॅक्लेंडन हे एक होते. १९३३ साली ते कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करण्यास आले. नेस्मिथ तेथेच प्राध्यापक होते. मॅक्लेंडन कृष्णवर्णीय असल्यामुळे विद्यापीठाच्या संघात त्यांना प्रवेश नव्हता. खेळाच्या जनकापाशी खेळ शिकावयाचा, पण खेळावयाचा नाही, अशी ही विचित्र विद्यार्थिदशा. पुढे डरहॅम गावी 'नॉर्थ कॅरोलायना कॉलेज फॉर निग्रोज' ह्या संस्थेत ते प्रशिक्षक झाले. त्यांनी आपल्या मुलांना सबंध मैदानभर धावावयास आणि सबंध मैदानभर अडवावयास शिकविले.

त्याच गावात गोऱ्यांचे ड्यूक विद्यापीठ होते. महायुद्धाचे दिवस, तेथील वैद्यकीय शाळेत ठिकठिकाणच्या कॉलेजांतून खेळून आलेले विद्यार्थी जमले होते आणि त्यांचा संघ मोठा नावाजलेला होता. गोऱ्याकाळ्यांनी एका मैदानावर खेळणे त्या प्रांतात अशक्यच मानले जाई. तरीही १२ मार्च १९४४ रोजी, रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, ड्यूकचे विद्यार्थी आडवाटेने मोटारी फिरवीत मॅक्लेंडन यांच्या व्यायामशाळेत आले. दारांना कुलपे लावण्यात आली. पहिली काही मिनिटे दोन्ही संघ बिचकत, चुकत खेळले. मग मॅक्लेंडन यांच्या मुलांनी वेग धरला आणि असा दाब पाहुण्यांनी पूर्वी अनुभवलेला नव्हता. सामना ८८-४४ असा सुटला, बरोबर दुप्पट. त्यानंतर घडले ते त्याहून धाडसाचे. दोन्ही संघांतील मुले एकमेकांत मिसळून, गोरे-काळे मिळून, पुन्हा एक डाव खेळली. गावात कोणी ह्याचा बोभाटा केला नाही, वर्तमानपत्रात ओळ छापून आली नाही, आणि १९९६ साली इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी लिहीपर्यंत बाहेरच्या जगाला ह्या सामन्याची वार्ता नव्हती.

त्यानंतर वीस वर्षांनी हा डाव देशभर गाजला, तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेच्या संघामुळे. प्रशिक्षक जॉन वुडन यांना तेथे येऊन पंधरा वर्षे झाली होती; राष्ट्रीय विजेतेपद मात्र हुलकावणी देत होते. १९६३-६४ च्या हंगामात त्यांच्या प्रमुख पाचांपैकी कोणीही ६ फूट ५ इंचांहून उंच नव्हता. उंचीच्या ह्या खेळात असा संघ म्हणजे ठेंगण्यांचा मेळावाच. साहाय्यक जेरी नॉर्मन यांच्या सूचनेवरून वुडन यांनी सबंध मैदानाचा प्रेस स्वीकारला: पुढे दोन, मध्ये दोन, पाठीशी एक. पाठीशी असलेला कीथ एरिक्सन हा व्हॉलीबॉलही खेळणारा, पुढे त्याच वर्षी त्या खेळात ऑलिंपिकला गेलेला उडीबाज गडी. लांबून आलेला चेंडू तो टिपून घेई.

वुडन यांच्या मनात चेंडू हिसकावणे हा मुख्य हेतू नव्हता. प्रतिस्पर्ध्याची सवयीची चाल मोडावी आणि त्याला आपल्या वेगाने धावावयास लावावे, एवढेच त्यांना हवे होते. उंच, जड संघ एकदा धावू लागला की त्याच्या उंचीचे ओझे होते. तो संघ त्या वर्षी ३० सामने खेळला आणि तीसही जिंकला. अंतिम सामन्यात गाठ पडली ती ड्यूकशी. त्यांचे दोन गडी ६ फूट १० इंच उंचीचे होते. पूर्वार्धात ड्यूक ३०-२७ असे पुढे होते. नंतर सुमारे अडीच मिनिटांत वुडन यांच्या संघाने ओळीने १६ गुण केले. त्यात चमत्कार काही नव्हता. एक चुकीचा पास, त्यावर गोल, गोल झाल्याबरोबर पुन्हा तीच कोंडी, त्या घाईत दुसरी चूक. अशी ती माळ होती. सामना ९८-८३ असा संपला. ज्या ड्यूकला तो हरवीत होता, त्याच्या बास्केटबॉल-संघात तोवर एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. वुडन यांच्या संघाचा चेंडू वॉल्ट हॅझर्ड ह्या कृष्णवर्णीय गड्याच्या हातून फिरत होता, आणि राखीव फळीतून आलेल्या केनी वॉशिंग्टनने २६ गुण मिळविले.

१९९४ च्या अंतिम सामन्यातही ड्यूकच्या वाट्याला असाच संघ आला. नोलन रिचर्डसन यांच्या आर्कान्सॉने ७६-७२ असा विजय मिळविला. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा. रिचर्डसन आपल्या खेळाला 'चाळीस मिनिटांचा नरक' म्हणवीत, आणि प्रतिस्पर्ध्यांनी ते नाव कधी नाकारले नाही.

दुबळ्याने बलवानाला हरवावयाचे तर हाच मार्ग, असे मत ह्यावरून बनणे साहजिक होते. २००९ साली 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात माल्कम ग्लॅडवेल यांनी ते हिरिरीने मांडले, आणि त्यांनी दाखला दिला तो मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांचा. क्रिकेट आणि फुटबॉल पाहत वाढलेले हे गृहस्थ कॅलिफोर्नियात स्थायिक झाले होते आणि आपल्या मुलीच्या संघाला, बारा वर्षांच्या बहुतेक नवशिक्या मुलींना, बास्केटबॉल शिकवू लागले होते. सोडून दिलेले ते अर्धे मैदान पाहून त्यांना नवल वाटले. त्यांच्या मुली प्रत्येक सामन्यात सबंध मैदानभर अडवू लागल्या व थेट राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचल्या. तेथे एका सामन्यात पंचांच्या शिट्या इतक्या वाजू लागल्या की प्रेस सोडून द्यावा लागला, आणि मुली हरल्या.

ग्लॅडवेल यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. १९९६ साली केंटकीने रिक पिटिनो यांच्या हाताखाली प्रेस खेळून विजेतेपद मिळविले, त्या संघातील नऊ जण पुढे व्यावसायिक खेळात गेले. त्यांना दुबळे कोण म्हणेल? बारा वर्षांच्या मुलींपुढे चेंडू सांभाळणारे हात कच्चे असतात, कॉलेजात तसे नसतात. तेथे हा डाव चाळीस मिनिटे चालवावयाचा तर सारख्याच तोलाचे नऊ-दहा गडी लागतात, कारण पाच जणांचे पाय अर्ध्या वाटेतच थकतात. उंची ज्याच्याजवळ नाही त्याला हा डाव दिलासा देतो हे खरे. पण त्याची किंमत तो घामाने वसूल करतो, उधारी ठेवीत नाही.

आज तर त्याचा उपयोगही पालटला आहे. पुरुषांच्या खेळात २०१५-१६ पासून ३० सेकंदांत टोपलीकडे चेंडू टाकावाच लागतो. तेव्हा पुष्कळ संघ केवळ सौम्य दाब देतात. चेंडू हिसकावयाचा नाही, कोंडीही करावयाची नाही. प्रतिस्पर्ध्याचे सात-आठ सेकंद वाटेतच खर्ची पाडावयाचे. वुडन यांनी घाई करावयास लावण्यासाठी वापरलेला डाव आता रेंगाळावयास लावण्यासाठी वापरला जातो.

मात्र शेवटच्या मिनिटाला चार-पाच गुणांनी मागे पडलेला संघ, मग तो एरवी कितीही शिस्तीने पाठ फिरवून जाणारा असो, सबंध मैदानभर अडवावयास लागतो. इतके परिणामकारक आहे तर पहिल्या मिनिटापासून का नाही, असे प्रेक्षक विचारतात. प्रशिक्षक अशा वेळी बाकावर बसलेल्या आपल्या राखीव गड्यांकडे पाहतो आणि ते किती आहेत ते मोजतो.