वाटेवरचें कुलूप



१६ एप्रिल १८५३ रोजीं आगगाडी ठाण्यास आली आणि १ मे १८५४ रोजीं ती कल्याणास पोहोंचली. कल्याणास लोहमार्गाला दोन फांटे फुटतात. एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. संगणकांचें जाळें कसें चालतें, हें समजून घेण्यास आपणांस याहून जवळचा दाखला शोधावयास नको.

डोंबिवलीहून आपण पुण्यास असलेल्या मुलीला मोबाइलवरून पत्र पाठवितां, तें अखंड जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे होतात. त्यांस पाकिटें म्हणूं. प्रत्येक पाकिटावर तें कोठून निघालें, कोठें जावयाचें आणि कितवें, हें लिहिलेलें असतें. वाटेंत राउटर नांवाचीं यंत्रें जंक्शनाप्रमाणें पत्ता वाचून त्यास पुढच्या वाटेला लावतात. एक वाट बंद पडली, तर दुसरी असते. मुक्कामीं क्रमांकानें सर्व पाकिटें जुळविलीं जातात.

परंतु पत्ता वाचणाऱ्यास उघडा मजकूरही वाचतां येतो! म्हणून त्यास कुलूप हवें. पण किल्ली त्याच वाटेनें धाडली, तर ती चोराच्याच हातीं पडावयाची. १९७६ मध्यें डिफी व हेल्मन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं या कोड्यावर तोड प्रसिद्ध केली. तिचें मर्म असें: उघडें कुलूप वाटेल त्यास द्यावें, किल्ली मात्र स्वतःजवळ ठेवावी. कुलूप कोणीही लावावें. उघडावें तें एकट्या धन्यानें.

संकेतस्थळाच्या पत्त्याच्या आरंभीं ‘एचटीटीपीएस’ हीं अक्षरें असलीं, म्हणजे वाटेला कुलूप आहे असें समजावें. मात्र तें वाटेची हमी देतें, पलीकडच्या माणसाच्या दानतीची नव्हे. बँकेच्या नांवांतील एक अक्षर बदलून स्थळ उघडणाऱ्या भामट्यासही तीं अक्षरें मिळूं शकतात. मग आपलें गुपित सुखरूप पोहोंचतें, पण चोराच्या घरीं! आणि फोनवर “बँकेंतून बोलतों” म्हणणाऱ्यास आपण ओटीपी सांगितला, तर त्यास कुलूप फोडावेंच लागत नाहीं. निवृत्त मास्तरांची जन्माची पुंजी जावयास एवढें पुरें होतें.

म्हणून बँकेचा पत्ता स्वतःच्या हातानें लिहावा. ओटीपी कोणासही सांगूं नये. फसगत झालीच, तर लाजून गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. पैसा पुढें सरकण्यापूर्वीं अडविला जाण्याचा संभव असतो.

ठाण्याच्या फलाटावर गाडींत पाय ठेवण्यापूर्वीं ती कर्जतची कीं कसाऱ्याची, हें आपण पाटीवर पाहून घेतों. तेवढीच दक्षता येथेंही ठेवावी, ही विनंती.