उचल घेतली, माणूस विकला नाही

शिरूर कासारच्या भावांनो, मायबहिणींनो,

मी मुंबईच्या गोदीत ओझी वाहणारा, मॅट्रिक झालेला. वकील नाही. पण कागद वाचतो.

दसऱ्याला मुकादम दारात येतो. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतो, उचल देतो, अंगठा घेतो. कागद कोराच! पट्टा पडला की म्हणतो, फिटली नाही. माझ्या चुलत्याला असंच फडावर डांबलं. चुलती काखेत पोर घेऊन ठाण्यात गेली. ‘आमची हद्द नाही’ म्हणून हाकलली. मंगळसूत्र मोडून तिनं नवरा सोडवला. तेव्हा आम्हाला कुणाला कायदा ठाऊक होता?

ऐका. उचलीपायी माणूस डांबला, दुसरीकडं कामाला जाऊ दिला नाही, तर १९७६ च्या कायद्यानं ती वेठबिगारी. ती उचल फेडायची नाही, कायद्यानंच बुडाली! वर डांबणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. अर्ज कलेक्टरकडं, प्रांताकडं. तोंडी नको, लेखी. पोच घ्या.

आणि हद्दीचं म्हणाल तर १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे. डांबणं, मारणं कुठल्याही जिल्ह्यात घडो, शिरूरच्या ठाण्यानं फिर्याद लिहून घ्यायची, नक्कल फुकट द्यायची. नाही घेतली तर एसपीला पोस्टानं धाडा. तोही गप्प बसला तर मॅजिस्ट्रेट.

वकिलाला पैसा कुठला? दलित, आदिवासी, बाई, वेठबिगार यांना १९८७ च्या कायद्यानं वकील फुकट. बीडला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं.

यंदा मुकादम आला की आकडा आधी लिहायला लावा, शिकत्या पोराकडून वाचून घ्या, मोबाइलात फोटो काढा. अंगठा मग.