कित्ता गिरवण्याचा खेळ
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण डॉक्टरांची, बँकवाल्यांची, शेतीत प्रयोग करणाऱ्यांची भाषणं ऐकली. मला मात्र संयोजकांनी बजावलं होतं, “तू तुझ्या त्या पूलवर बोल.” मागच्या रांगेतल्या मंडळींसाठी सांगतो, हा नदीवरचा पूल नव्हे आणि पोहण्याचाही नव्हे. हिरवं टेबल, सहा पॉकेट, हातात लांब काठी आणि रंगीत बॉल, तो पूल.

आपल्या लहानपणी हा खेळ आपल्याला दोनच ठिकाणी दिसायचा. एक म्हणजे हिंदी सिनेमातल्या खलनायकाच्या बंगल्यावर, आणि दुसरं म्हणजे साहेबलोकांच्या क्लबात, तेही खिडकीतून. पुढे गल्लोगल्ली पार्लर निघाली आणि तिथल्या धुरामुळे खेळाचं नाव आणखी खराब झालं. पण या खेळाच्या कुटुंबाचं आपल्याशी नातं जुनं आहे. पूलचा सख्खा भाऊ स्नूकर हा १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या छावणीत जन्मला. १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स हे पुण्यात जन्मलेले. बिलियर्ड्स आणि स्नूकर मिळून पंचवीसहून अधिक जागतिक किताब जिंकणारा पंकज अडवाणी, त्याचाही जन्म पुण्यातलाच. तेव्हा खेळ परका आहे असं कुणी म्हणू नये.

मी क्यू हातात धरला तो एकोणपन्नासाव्या वर्षी. त्या वर्षी मी ज्या कारखान्यात होतो तो बंद पडला. हिशेबाचे पैसे मिळाले, मुलगी शिकत होती, लगेच उपासमार वगैरे नव्हती. पण सकाळी साडेसहाच्या बसची सवय असलेल्या माणसाला साडेसहाला उठून कुठेच जायचं नसतं, तेव्हा काय होतं ते तुमच्यापैकी काहींना आता कळू लागलं असेल. घराजवळच्या हॉलमध्ये सकाळी अकरापर्यंत टेबल अर्ध्या दरात मिळायचं. तिथे जाऊ लागलो.

तिथे दोन तऱ्हेचे लोक दिसले. एक, रोज तीन-तीन तास खेळणारी पोरं. पैजा लावायची, जोरात ब्रेक मारायची, हसायची, चिडायची. पाच वर्षांपूर्वी जशी खेळत होती तशीच आजही खेळतात. दुसरे एक वयस्कर गृहस्थ होते. ते एकटेच येत, एकच बॉल एकाच जागी ठेवत आणि तोच शॉट वीस वेळा मारत. मग खिशातून छोटी वही काढून एक आकडा लिहीत आणि निघून जात. एकदा मी त्यांना विचारलं, “काका, कंटाळा येत नाही?” ते म्हणाले, “शाळेत कित्ता गिरवला होता की नाही? तेच करतोय.”

आज मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. खेळणं वेगळं आणि सराव वेगळा. खेळताना हात जे येतं तेच पुन्हा करतो. जे येत नाही ते शिकायचं असेल तर कित्ताच गिरवावा लागतो, दुरेघी वहीत, हळू, एक अक्षर अनेक वेळा.

या खेळात कित्त्याची एवढी गरज का, ते भूमितीच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून गणितानेच सांगतो. बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे साधारण ५७ मिलिमीटर. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण साडेअकरा सेंटिमीटर, दोन बॉल शेजारी शेजारी जेमतेम मावतील एवढं. समजा दुसरा बॉल पांढऱ्यापासून एक मीटरवर आहे आणि माझा पांढरा फक्त एका अंशाने वाकडा गेला. एक मीटरवर तो साडेसतरा मिलिमीटर सरकलेला असेल. आता साडेसतराला सत्तावन्नने भागा आणि तेवढी ज्या कोनाची साइन येते तो कोन काढा. उत्तर सुमारे अठरा अंश. म्हणजे माझी एका अंशाची चूक पुढच्या बॉलच्या वाट्याला अठरा अंशांची होऊन येते. पुढे आणखी एक मीटर गेल्यावर तो बॉल पॉकेटपासून एक फुटाहून जास्त लांब असतो. बाई, त्रिकोणमितीचा आयुष्यात काय उपयोग, असं आम्ही विचारायचो. हा घ्या.

म्हणून नेमबाजीच्या आधी हात सरळ चालला पाहिजे. सरळ स्ट्रोक ही ताकदीची नव्हे, ठेवणीची गोष्ट आहे. पाय पक्के, वजन दोन्हीकडे सारखं. पुढचा हात टेबलावर, त्याच्या बोटांतून क्यू सरकतो. त्याला ब्रिज म्हणतात, म्हणजे इथेही एक पूल आहेच. ब्रिज आणि पांढऱ्या बॉलमध्ये वीतभर अंतर. मागच्या हाताचा कोपर वर स्थिर आणि त्याखाली हात घड्याळाच्या लंबकासारखा लोंबता. टिप बॉलला लागते त्या क्षणी कोपराखालचा हात जमिनीशी काटकोनात असावा. मूठ सैल हवी, चहाचा भरलेला कप धरतो तेवढीच. मूठ आवळली की मनगट वळतं, मनगट वळलं की क्यू वळतो. क्यू मागे नेताना सावकाश, क्षणभर थांबायचं, मग पुढे. आणि बॉल गेल्यावरही वाकलेलंच राहायचं. निकाल बघायला मान लवकर वर काढली की खांदा उठतो आणि शॉट बिघडतो.

आता माझे चार कित्ते.

पहिला घरचा. सोड्याची रिकामी बाटली जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवायची आणि क्यू तिच्या तोंडातून काचेला न लागता आत-बाहेर करायचा. काच वाजली की क्यू वाकडा. रोज पाच मिनिटं. सौ.चं म्हणणं आहे की टेबलाचा एवढा उपयोग जेवायलाही झालेला नाही.

दुसरा आरशाचा. टेबलावर एकच पांढरा बॉल, मधल्या रेषेवर. समोरच्या आखूड कुशनवर मधोमध जी खूण असते तिच्यावर मारायचा. तो परत येऊन क्यूच्या टिपला टेकला पाहिजे. डावीकडे आला तर टिप बॉलच्या डाव्या बाजूला लागली, उजवीकडे आला तर उजव्या. दुसऱ्या कुणी सांगायला नको, बॉलच सांगतो.

तिसरा ‘स्टॉप शॉट’. दोन बॉल आणि पॉकेट एका सरळ रेषेत. रंगीत बॉल पॉकेटमध्ये जावा आणि पांढरा धडकेच्या जागीच खिळावा. यासाठी धडकेच्या क्षणी पांढरा गडगडत नव्हे, घसरत असावा लागतो. अंतर वाढलं की वाटेत कापडाच्या घर्षणाने तो गडगडू लागतो, म्हणून लांबून मारताना थोडं खाली आणि जरा जोरात मारावं लागतं. पांढरा थांबला पण जागीच भोवऱ्यासारखा फिरला, तर टिप मधोमध लागली नाही. बाजूला सरकला, तर धडक सरळ झाली नाही. एका शॉटमध्ये एवढी तपासणी होते, म्हणून माझ्या मते हा सगळ्यात उपयोगी कित्ता.

चौथा पांढरा बॉल पुढे कुठे जाईल याचा. गडगडत आलेल्या पांढऱ्याने दुसऱ्या बॉलचा साधारण अर्धा भाग गाठला, की तो आपल्या मूळ वाटेपासून सुमारे तीस अंश वळतो. तर्जनी आणि मधलं बोट फाकवून ‘व्ही’ची खूण केली की जवळजवळ तेवढाच कोन होतो. टेबलावर बोटं धरून बघायचं, मग मारायचं. इथून पुढे खेळ नुसता पॉकेट करण्याचा राहत नाही, पुढचा शॉट सोपा करण्याचा होतो. १९५४ साली अमेरिकेच्या विली मॉस्कोनी यांनी एका प्रदर्शनीय खेळात ओळीने ५२६ बॉल पॉकेट केले. एवढे अवघड शॉट कुणालाच सलग जमत नाहीत. पुढचा बॉल सोपा राहील अशा जागी पांढरा आणून ठेवणं, हे खरं कसब.

आणि वही. त्या गृहस्थांकडून मी तीच उचलली. वीस स्टॉप शॉट, त्यातले किती जमले, एवढाच आकडा. पहिल्या आठवड्यात सात. तीन महिन्यांनी बारा. मग दोन महिने बाराच. वर्षाने सोळा. मधले ते दोन महिने वही नसती तर मी सोडून दिलं असतं, कारण माणसाला आजचा दिवस दिसतो, तीन महिन्यांपूर्वीचा आठवत नाही. वहीमुळे आणखी एक शिस्त आली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पायही बदलले, मूठही बदलली आणि आकडा वाढला, तर श्रेय कुणाला द्यायचं?

वेळेचं म्हणाल तर रविवारी चार तासांपेक्षा रोज चाळीस मिनिटं बरी. शेवटची दहा मिनिटं मोकळं खेळावं, नाहीतर खेळाची गोडी जाते. खांदा दुखायला लागला की थांबावं. थकलेला हात चुकीचा कित्ता गिरवतो आणि तोही तितकाच पक्का बसतो. शॉट कोणता मारायचा हे उभं असतानाच ठरवायचं. वाकल्यावर शंका आली तर सरळ उठून पुन्हा सुरुवात करायची. हे शेवटचं मला टेबलाबाहेरही उपयोगी पडलं आहे.

आपल्या वयाच्या अडचणी खऱ्या आहेत. प्रोग्रेसिव्ह चष्मा घालून वाकलं की आपण काचेच्या वरच्या कडेतून बघतो आणि बॉल अंधुक दिसतो. त्यावर उपाय उंच काचांचा चष्मा. डेनिस टेलर असाच उलटा दिसणारा मोठा चष्मा लावून १९८५ साली स्नूकरचा जगज्जेता झाला, तोही शेवटच्या काळ्या बॉलवर. गुडघे, कंबर कुरकुरत असतील तर हनुवटी क्यूला टेकवायची गरज नाही. थोडं उंच उभं राहा, फक्त रोज तेवढंच उंच राहा.

मित्रांनो, मी कुठली स्पर्धा जिंकलेलो नाही. हॉलमधली विशीतली पोरं आजही मला पाचात तीनदा हरवतात. पण कारखान्याचा भोंगा बंद झाल्यावर माझ्या दिवसाला पुन्हा एक वेळ मिळाली, आणि पन्नाशीतला हात नवं शिकतो याचा पुरावा माझ्या वहीत तारखेनिशी आहे. पुढच्या पाच-सात वर्षांत आपल्यापैकी बहुतेकांची साडेसहाची बस बंद होणार आहे. तुम्ही पूलच खेळा असं मी म्हणत नाही. पेटी शिका, मोडी शिका, चित्र काढा. पण रोज गिरवता येईल आणि रोज मोजता येईल असं काहीतरी आत्तापासूनच हाताशी ठेवा. बस बंद झाल्यावर शोधायला निघालात तर फार जड जातं.

जेवणानंतर ज्यांना बघायचं असेल त्यांच्यासाठी गाडीत क्यू आहे आणि सोड्याच्या बाटल्या आचाऱ्याकडे आहेत. सर, पहिला नंबर तुमचा.