यंत्राची तक्रार आणि कारागिराची पारख

मोटारीच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, की मालकाचे मन साशंक होते. गाडी तर सुरळीत चालली आहे. मग हा दिवा कशाचा? त्या दिव्याची भाषा आज आपण थोडी समजून घेऊ.

कार्ब्युरेटरच्या काळी कुशल मिस्त्री आवाजावरून, धुराच्या रंगावरून आणि प्लगवरील काजळीवरून दोष ओळखीत असे. आता इंजिनाचा कारभार एक लहानसा संगणक पाहतो. हवा किती आली, जळून गेलेल्या वायूत प्राणवायू किती उरला, याची वार्ता सेन्सर त्याला अखंड कळवीत असतात. ती मर्यादेबाहेर गेली, की तो एक संकेतांक नोंदवून ठेवतो आणि दिवा लावतो. अमेरिकेत १९९६ सालच्या मोटारींपासून ही पद्धत एकाच नमुन्याची झाली. आपल्या देशात ती २०१० नंतर प्रदूषणाच्या नियमांबरोबर टप्प्याटप्प्याने आली. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस सोळा पिनांचे सॉकेट असते. त्याला स्कॅनर जोडला, की संकेतांक वाचता येतो.

परंतु संकेतांक वाचणे म्हणजे रोगाचे निदान नव्हे. ताप किती आहे हे तापमापक सांगतो. तो कशाने आला, हे वैद्यानेच शोधावयाचे असते. ‘पी ०१७१’ हा अंक घ्या. पेट्रोलच्या एका भागास हवेचे वजनाने सुमारे १४.७ भाग लागतात. मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे, एवढेच हा अंक सांगतो. तो पाहून पुष्कळ ठिकाणी प्राणवायूचा सेन्सरच बदलला जातो. सेन्सर बिचारा निरोप्या! त्याने खरा निरोप दिला आणि शिक्षाही त्यालाच झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

मग करावे काय? संगणक पेट्रोलमध्ये शेकडा किती वाढ करीत आहे, हे स्कॅनरवर दिसते. आत येणारी हवा मोजणारा सेन्सर ज्या इंजिनात आहे, तेथे ही वाढ गाडी उभी असताना मोठी आणि फेरे वाढविताच कमी होत असेल, तर एखाद्या तडकलेल्या रबरी नळीतून न मोजलेली हवा आत शिरत असावी. उलट, चढावर ओझे पडताच वाढ अधिक होऊ लागली, तर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा मळलेला हवामापक सेन्सर तपासावा. नळीचे काम थोडक्या पैशांत होते. सेन्सरची किंमत मात्र हजारांत जाते.

दुसरे उदाहरण ‘पी ०३०१’चे. पहिल्या सिलिंडरात स्फोट नीट होत नाही, असा त्याचा अर्थ. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र इग्निशन कॉइल असेल, तर पहिली कॉइल दुसरीच्या जागी बसवावी, जुना अंक पुसावा आणि गाडी चालवून पाहावी. अंक बदलून ‘पी ०३०२’ झाला, तर दोष कॉइलचाच. तो तसाच राहिला, तर प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन यांची तपासणी क्रमाने करावी. या परीक्षेला वेळ लागतो, नवा सुटा भाग लागत नाही.

दिवा नुसता लागला असेल, तर गाडी सावकाश गॅरेजापर्यंत नेता येते, मात्र तेलाचा वा उष्णतेचा दिवा सोबत नसावा. पिवळा दिवा लुकलुकू लागला, तर वेग उतरवून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. अशा वेळी न जळलेले पेट्रोल धुराड्याच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पोहोचून पेटते आणि तो महागडा भाग जळून जातो.

आणखी एक सूचना. अंक लिहून घेतल्याशिवाय तो पुसू देऊ नका. दोष उद्भवला तेव्हाचा वेग, इंजिनाची उष्णता व भार यांची नोंदही त्याबरोबर पुसली जाते. दिवा विझतो, दोष तसाच राहतो, आणि पुढच्या कारागिराच्या हाती पुरावा उरत नाही.

यंत्र आपली तक्रार आता अंकांत सांगू लागले आहे. ती ऐकून घेऊन, पारखून, मगच पान्याला हात घालणारा मिस्त्री ज्याला लाभला, त्याने त्याच्या तपासणीची मजुरी आनंदाने द्यावी. नको असलेल्या सुट्या भागाच्या किमतीपुढे ती नेहमीच थोडी असते.