स्टॅक ओव्हरफ्लोचा कोड भारी की ऑफिसचा?
तर मंडळी, स्टॅक ओव्हरफ्लोवरचं उत्तर कसं, चार ओळींत चकाचक! आणि ऑफिसातला कोड? नुसते इफ-एल्स. पण त्यातल्या बऱ्याच इफमागे कुणीतरी वैतागलेला कस्टमर असतो बरं का.

२०१० मध्ये तिथे जावाचं एक उत्तर आलं, बाइट्सचे केबी-एमबी करून दाखवणारं. गिटहबवरच्या हजारो प्रोजेक्ट्समध्ये ते कॉपी झालं. २०१९ मध्ये खुद्द लिहिणाऱ्यानेच सांगितलं, यात बग आहे! ९,९९,९९९ बाइट्स दिले की १ एमबीऐवजी १००० केबी दाखवायचं. त्याने उत्तर सुधारलं. पण लोकांनी आधीच पेस्ट केलेलं? ते तसंच राहिलं ना!

म्हणून कॉपी करा बिनधास्त, फक्त वर कमेंटमध्ये लिंक टाका. आणि असले काठावरचे आकडे घालून एकदा चालवून बघा.