हात मागे घेण्याचे शिक्षण
(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात एका रुग्णाच्या वडिलांनी व्यक्त केलेले मनोगत)



मी निवृत्त शिक्षक आहे. छत्तीस वर्षे गणित आणि विज्ञान शिकवले. वर्गात उभे राहून बोलण्याची सवय असली, तरी घरातील दुखण्याविषयी व्यासपीठावरून बोलण्याची ही पहिलीच वेळ. आयोजकांचे निमंत्रण आले तेव्हा मी प्रथम मुलीची परवानगी घेतली. "तुमचं काय झालं ते सांगा, माझं काय झालं ते नको," असे ती म्हणाली. हे भाषण तिने आधी वाचले आहे आणि लाल पेनने तपासलेही आहे. तिच्या आजारासंबंधी जे काही सांगेन, ते तिने ठेवू दिलेले आहे.

जुलै २०२२ मध्ये ती तेवीस वर्षांची होती. पुण्यात नोकरी करीत होती आणि मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहत होती. पावसाळ्यात जुलाब झाले, चार दिवसांत बरे वाटले. त्यानंतर साधारण दहा दिवसांनी पायांना मुंग्या येऊ लागल्या. सुट्टीसाठी साताऱ्याला घरी आली तेव्हा जिना चढताना कठड्याला धरत होती. जवळच्या एका दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाईन आणि जीवनसत्त्वांची इंजेक्शने मिळाली. त्यात दोन दिवस गेले. दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण आम्हालाही तेच ऐकायचे होते. तिसऱ्या सकाळी ती पलंगावरून उठली आणि जमिनीवर बसली ती उठेचना. चहाचा कप तिच्या हातात टिकेना.

या रुग्णालयात आणल्यावर डॉक्टरांनी लहान हातोडीने गुडघ्यावर ठोकून पाहिले. पाय हलला नाही. मग त्यांनी तिला एका श्वासात जमतील तेवढे अंक मोजायला सांगितले. ती अकरापर्यंत पोहोचली. हा खेळ कशासाठी, असे मला वाटले. छातीचे स्नायू किती उरले आहेत हे त्यावरून कळते, हे नंतर समजले. संध्याकाळी ती सातवर आली आणि तिला अतिदक्षता विभागात हलवण्यात आले.

आजाराचे नाव गुलेन-बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. १९१६ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात, गुलेन, बॅरी आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये त्याचे वर्णन केले. (तिसऱ्याचे नाव पुढे गळून पडले. शिक्षकाला अशा गोष्टी खुपतात.) शरीराचे संरक्षक सैन्य जंतूशी लढता लढता चुकून आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. पुष्कळदा निमित्त असते ते जुलाबाचे. काही रुग्णांत तंतूंवरील आवरणच झिजते आणि ते त्या मानाने लवकर भरून येते. आमच्या मुलीच्या बाबतीत आतील तंतूलाही इजा झाली होती. तो तंतू पुन्हा वाढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

उपचार इम्युनोग्लोब्युलिनचा. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून हे औषध तयार होते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.४ ग्रॅम, असे पाच दिवस. मुलीचे वजन पन्नास किलो, म्हणजे रोज २० ग्रॅम, एकूण १०० ग्रॅम. एवढा गुणाकार मी कागदावर केला आणि मग एका ग्रॅमची किंमत विचारली. खर्च काही लाखांत गेला. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात. आमच्या शेजारच्या खाटेवरील शेतमजुराच्या मुलाला त्याचा आधार मिळाला, हे मी डोळ्यांनी पाहिले. माझे निवृत्तिवेतन त्या मर्यादेच्या वर होते. समाजसेविका बाईंनी ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले, खोटी आशा लावली नाही. पतसंस्थेचे कर्ज, भावाची मदत, पत्नीच्या बांगड्या, असे आम्ही निभावले. त्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

सांगण्यासारखे आहे ते व्हेंटिलेटरवरील अडतीस दिवसांबद्दल.

या आजारात मेंदू शाबूत असतो. ती सारे ऐकत होती, तिला सारे कळत होते. पण गळ्यात नळी, हातपाय निश्चल, चेहऱ्याचे स्नायूही गेलेले. पापण्या मिटत नसत, म्हणून सिस्टर डोळ्यांत थेंब घालून रात्री त्यांवर पट्टी लावीत. हलत होती ती फक्त बुबुळे. वर पाहिले तर होय, खाली पाहिले तर नाही, एवढेच आमचे संभाषण. आम्ही विचारू तेवढेच ती सांगू शकत होती, आणि आम्हाला काय विचारावे हे कळत नव्हते. भूक लागली का? थंडी वाजते का? खाली, खाली, खाली. मग डोळ्यांतून पाणी.

एका रात्री बाहेरच्या बाकावर मी वहीच्या पुठ्ठ्यावर मुळाक्षरे लिहिली. आपली वर्णमाला या कामासाठीच रचली असावी अशी आहे. एक ओळ स्वरांची, मग क, च, ट, त, प हे पाच वर्ग, आणि शेवटची ओळ य पासून ळ पर्यंत. मी ओळींची नावे घ्यायची. हवी ती ओळ आली की तिने वर पाहायचे. मग त्या ओळीतील अक्षरे एकेक वाचायची. इंग्रजीची सव्वीस अक्षरे सरळ वाचण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होते. मात्रांसाठी स्वरांची ओळ, जोडाक्षरांना सुट्टी.

पहिला शब्द यायला सात-आठ मिनिटे लागली. ट. मग आ. मग च. मला वाटले, अजून काही यायचे आहे. पण ती थांबली होती. शब्द पुरा झाला होता: टाच. सिस्टरनी चादर बाजूला केली. उजवी टाच लाल झाली होती, शय्याव्रणाची सुरुवात होती. दोन दिवस ती हेच सांगत होती आणि आम्ही तिला भुकेविषयी विचारत होतो.

दुसऱ्या दिवशीचा शब्द दोनच अक्षरांचा होता: ग, प. तिच्या उशाशी बसून मी अखंड बोलत असे. पेपर वाचून दाखवायचा, नातेवाइकांचे निरोप सांगायचे, मध्येच धीर द्यायचा. तिला शांतता हवी होती. अतिदक्षता विभागातील सिस्टर त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसल्याचे मी ऐकले. मी मात्र तो शब्द तेव्हा गंमत म्हणून घेतला. त्यात एक धडा होता, तो मला पुढे दीड वर्षाने कळला.

चौऱ्याण्णव दिवसांनी आम्ही घरी आलो. रुग्णालयात आजार डॉक्टरांचा असतो, घरी तो कुटुंबाचा होतो. दर दोन तासांनी कूस बदलणे, सांधे आखडू नयेत म्हणून हातापायांच्या हालचाली, पावले खाली लोंबू नयेत म्हणून रात्री स्प्लिंट. थोरल्या मुलाने संडासात आणि पलंगाशेजारी कठडे बसवले. तिच्या आईने तर पहिले चार महिने स्वतःचे असे काही ठेवलेच नाही, आणि पाचव्या महिन्यात तीच आजारी पडली. तेव्हा स्वयंपाकघरात पाऊल टाकायला मला भाग पडले. ते आधी का टाकले नाही, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

याच काळात फिजिओथेरपीच्या बाईंनी आम्हा दोघांना एक विचित्र आज्ञा केली: जेवताना खोलीबाहेर थांबा. मुलीच्या हातात जाड मुठीचा चमचा दिला होता. आमटीभाताचा एक घास तोंडाशी जायला मिनिट लागे, अर्धा सांडे. आई पुढे होऊन भरवी. मुलीला ते सोपे जाई, आईला समाधान मिळे, आणि हाताचे काम मात्र राहून जाई. आम्ही दाराबाहेर उभे राहिलो. आत चमचा पडल्याचा आवाज आला. पुन्हा पडला. पत्नीने माझा दंड घट्ट धरला होता. चाळीस मिनिटांनी आतून हाक आली, "आई, ताट ने." भात थंड झाला होता, चादर पिवळी झाली होती आणि ताट रिकामे होते.

पत्नी त्या दिवशी शिकली. मी शिकलो नाही. माझा दोष वेगळ्या जातीचा होता.

डॉक्टर एकदा म्हणाले होते की इजा झालेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. गणिताच्या शिक्षकाला एवढे पुरे. कंबरेपासून पावलापर्यंत ९० सेंटीमीटर धरले तर ९०० दिवस. मी आलेखाचा कागद आणला, तारखा मांडल्या आणि तो तिच्या पलंगासमोरच्या भिंतीवर लावला. हे काटेकोर सूत्र नव्हे, असे डॉक्टरांनी बजावले होते. ते मी सोयीने विसरलो. वॉकर धरून किती पावले चालली, रोज नोंद. आलेख वर गेला की मी पेढे आणीत असे. तो सपाट राहिला की मी काही बोलत नसे. माझे न बोलणे घरभर ऐकू येई.

एप्रिल २०२३ मध्ये तीन आठवडे आलेख सपाट होता. एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, तो कागद काढा. मी रोज सकाळी उठून नापास होते." छत्तीस वर्षे मी मुलांचे गुण फळ्यावर लावत आलो. त्या रात्री कागद काढला.

आणि तरीही माझी खोड गेली नव्हती. त्या डिसेंबरात तपासणीला येथे आलो होतो. ती काठीशिवाय चालू लागली होती. डॉक्टरांनी तिला विचारले, "कसं वाटतंय?" मी सांगू लागलो: थकवा लवकर येतो, उजवे पाऊल अजून उचलत नाही, झोप बरी आहे. ती म्हणाली, "बाबा, प्रश्न मला विचारलाय."

आवाजात राग नव्हता. पण मी गप्प झालो आणि मला तो पुठ्ठा आठवला. अडतीस दिवस तिचा आवाज माझ्याकडे होता. तेव्हा तो मी वाहिला नसता तर टाच चिघळली असती. तिची वाचा परत आली, नळी निघाली, घसा भरला, आणि मी आपला अजून तिच्या वतीने बोलतोच आहे. मग डॉक्टरांशी ती दहा मिनिटे बोलली. त्यातील निम्म्या गोष्टी मला ठाऊक नव्हत्या. रात्री तळव्यांची आग होते, हे तिने आम्हाला कधी सांगितलेच नव्हते. सांगितले की घरात धावपळ होते, म्हणून.

माझ्या आलेखाप्रमाणे ९०० दिवस जानेवारी २०२५ मध्ये भरले. पाऊल पुरते उचलले नाही. आजही ती बुटाच्या आत स्प्लिंट घालते. नेमका त्याच महिन्यात पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसची साथ आली. बघता बघता रुग्णसंख्या दोनशेपलीकडे गेली. दूषित पाण्याचा संशय होता आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. ओळखीच्यांच्या ओळखीतून आमच्या घरी फोन येऊ लागले. पहिला फोन मी घेतला आणि औषधाचे प्रमाण सांगू लागलो. मुलीने हात पुढे केला. मी फोन दिला.

पलीकडे एक आई होती. तिची मुलगी व्हेंटिलेटरवर होती. माझी मुलगी बराच वेळ नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "काकू, ती ऐकतेय. तिच्यासमोर रडलात तरी चालेल, पण तिच्याबद्दल तिच्यासमोर बोलू नका, तिच्याशी बोला. उद्या बरी होशील असं म्हणू नका; उद्या झालं नाही की तिला वाटतं आपलंच चुकलं. आणि एक पुठ्ठा घ्या." त्यानंतर तिने मुळाक्षरांच्या ओळी फोनवर सांगितल्या. असे सात फोन तिने त्या दोन महिन्यांत घेतले.

आज ती अर्धवेळ काम करते. दुपारनंतर थकते, आणि थकवा दिसत नसल्याने लोकांना तो पटत नाही. लग्नाचे विचारणारे विचारतात. त्यांना काय सांगायचे ते तीच सांगते.

विश्वस्तांपाशी माझ्या दोन मागण्या आहेत. अतिदक्षता विभागातील प्रत्येक खाटेशी मराठी मुळाक्षरांची पाटी असावी. आमचा पुठ्ठा मी आज सोबत आणला आहे. कडा झिजल्या आहेत, पण नमुन्यासाठी चालेल. दुसरी मागणी अशी, की दीर्घ आजाराच्या रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी नातलगांना दोन दिवस फिजिओथेरपी विभागात बसवावे. कूस कशी बदलावी हे तर शिकवावेच, पण खोलीबाहेर कधी थांबावे हेही शिकवावे. आम्हाला ते पाचव्या महिन्यात कळले.

यापुढे दोन परिच्छेद होते. तिने ते लाल पेनने खोडले आहेत आणि समासात दोनच अक्षरे लिहिली आहेत, या वेळी जोडाक्षरासकट. तेव्हा थांबतो.