बसून धुवा गाडी

देवळाली कॅम्पात निवृत्त फौजी मंडळी पुष्कळ. बूट चकाकते ठेवायची सवय सुटत नाही, तशी गाडीचीही. पण गुडघे आणि कंबर ऐकत नाहीत. अशांनी एका दमात गाडी धुवायचा हट्ट सोडावा. आज टप आणि बॉनेट, उद्या एक बाजू. दाराच्या खालच्या भागासाठी न्हाणीघरातलं प्लॅस्टिकचं स्टूल, टपासाठी लांब दांड्याचा मायक्रोफायबर मॉप. बादली अर्धीच भरा.

रंगावरचा पारदर्शक थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाएवढाच. कोरड्या फडक्यानं धूळ झटकली की त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उठतात; उन्हात बघा, दिसतील. म्हणून आधी पाणी सोडायचं, मगच शाम्पू.

झाडाखालच्या गाडीवर पक्षी शिटले तर खरवडू नका. ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून अलगद उचला. बोटं आखडतात? मग चोळायचं मेण नको, स्प्रे वॅक्स बरं. बाटलीचा खटकाही जड जात असेल, तर बागेतला हवा भरायचा छोटा फवारणी पंप नवा, स्वच्छ घ्या. आणि हे सगळं सकाळी, सावलीत. तापल्या पत्र्यावर शाम्पू सुकून डाग धरतो.